किल्ली त्यांच्या गळ्यात होती

मी एका शिडाच्या बोटीचा प्रोपेलर बोलतोय. तीन पात्यांचा, ब्राँझचा, वयाने बराच थोर. बोलतोय खरा, पण तुम्ही माझं का ऐकताय, याचीच मला शंका येतेय. कामाशिवाय माझ्याकडे आजवर कुणी वाकून बघितलेलं नाही.

संशय हा माझा जन्मजात दोष समजा. सेम्बावांगच्या एका ओतशाळेत मला साच्यातून काढलं, तेव्हा तिथल्या मिस्त्रीने मला हातोडीने ठोकून, कान लावून माझा आवाज ऐकला. जगात आल्या आल्या माझ्यावर अविश्वास! तेव्हापासून मीही कुणावर ठेवला नाही. आणि राहायची जागा कुठली, तर बोटीच्या पोटाखाली. वर काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं; बाकीचं मी त्यांच्या बोलण्यावरून जुळवतो. अशाने कुणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकणारच.

२०१३ साली आमची बोट श्रीनिवासरावांनी घेतली. मूळ गाव पुणे, पण आता इथे परदेशात; घर क्वीन्सटाउनला, नोकरी तांजोंग पगारच्या एका बँकेत. काम ऑडिटचं, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. शनिवारी तोच स्वभाव टोपी घालून बोटीवर यायचा. बरोबर पत्नी नीलिमाताई. दोघांनी शिडाचं शिक्षण एकाच वर्गात घेतलं होतं, पण बोट चालवायचे ते, आणि सँडविच बांधायच्या त्या.

त्यांचं पहिलं भांडण माझ्यावरून झालं.

गोष्ट साधी आहे. शीड फुगलं की इंजिन बंद करतात आणि मी बिनकामाचा होतो. मग माझं करायचं काय? गिअर टाकून मला जागच्या जागी जखडायचं, की गिअर काढून मोकळं सोडायचं? मोकळा असलो की पाण्याच्या ओढीने मी आपला फिरत राहतो, बोटीला अडथळा कमी होतो. पण मी गुणगुणतो आणि माझा दांडा झिजतो. जखडलं की मी गप्प, पण बोट पाय ओढत चालते.

"लॉक," श्रीनिवासराव म्हणायचे. "जी वस्तू आपल्या ताब्यात नाही, ती फिरता कामा नये."

"अहो, फिरू दे की त्याला," नीलिमाताई म्हणायच्या. "बोट कशी हलकी चालते बघा!"

त्यांची मुलगी श्रिया एकदाच आली होती. ती हसून इथल्या ढबीत म्हणाली, "बाबा, यू लॉक एव्हरीथिंग लाह! घराचं दार पण तीनदा चेक करता."

खरं सांगतो, मला दोघांचाही संशय यायचा. हा माणूस मला बांधतो, म्हणजे मला चोर समजतो. आणि ही बाई मला सोडते, म्हणजे हिला माझ्या झिजण्याचं काहीच नाही!

तो रविवार मात्र विसरत नाही. दक्षिणेकडच्या बेटांजवळ आम्ही शिडावर चाललो होतो. नीलिमाताईंनी फार विनवलं म्हणून मी मोकळा होतो, मजेत फिरत होतो. तेवढ्यात मासेमारीच्या जाळ्याचा एक वाहता दोर आला आणि मी तो गरागरा अंगाभोवती गुंडाळून घेतला.

"बघ! सोडलास ना मोकळा?" श्रीनिवासराव कडाडले.

एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. दोर कापायला ते स्वतः पाण्यात उतरणार होते. नांगरावर बोट उभी असली तरी ओहोटीच्या ओढीने मी फिरू शकतो, म्हणून त्यांनी गिअर टाकून मला जखडलं. इथवर शहाणपणच होतं. मग त्यांनी इंजिनाची किल्ली काढली, सुतळीत ओवली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

"हे काय?" नीलिमाताईंनी विचारलं.

"तू चुकून सुरू करशील."

"तुम्ही खाली असताना? मी?"

"चुकायला वेळ लागत नाही, नीलिमा. मी रोज बघतो."

नीलिमाताई म्हणाल्या, "निदान कमरेला दोर तरी बांधा." "तो आणखी एक गुंडाळायला?" असं म्हणून हे उतरलेसुद्धा.

माझ्या पात्याला धरून त्यांनी चाकू चालवला. किल्ली माझ्या अंगावर टकटक आपटत होती. शेवटचा वेढा सुटला. श्वास घ्यायला म्हणून त्यांनी हात सोडला आणि ओहोटीने त्यांना उचललं. बघता बघता ते लांब गेले, आणि पुढे मोठ्या जहाजांचा रस्ता.

वरून नीलिमाताईंची हाक आली. तरंगतं कडं पाण्यात पडल्याचा आवाज आला; ते पोचलं नाही. मग त्या इंजिनाकडे धावल्या आणि थबकल्या. किल्लीचं भोक रिकामं होतं. मला वाटलं, संपलं. वाट बघत बसतील, नाहीतर रडतील. तेव्हाही माझा संशयच, दुसरं काय!

त्यांनी नांगराचा दोर सरळ कापून टाकला आणि पुढचं शीड उघडलं. वारा जेमतेम होता. बोट हलली, पण माझ्या जखडलेल्या पात्यांनी ती मागे ओढली जात होती, ते मलाच कळत होतं. तेवढ्यात खट्कन गिअर सुटला. मी फिरायला लागलो. जन्मात फिरलो नसेन तसा फिरलो. बोट मोकळी झाली आणि इंचाइंचाने त्यांच्याकडे सरकत गेली.

ते अगदी जवळ आले आणि पुन्हा खट्! मी जागच्या जागी बांधला गेलो. मला रागच आला. आता का? आणि मग समोर, हिरव्या पाण्यात, दोन गोरेपान थकलेले पाय माझ्या पात्यांपासून हातभर अंतरावर दिसले.

शिडीवरून ते कसेबसे वर चढले. बराच वेळ नुसता खोकला ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "गिअर?"

"टाकलाय. तुम्ही पाण्यात होतात."

"आणि त्याआधी?"

"मोकळा होता. म्हणून तर पोचले."

सुतळीची गाठ भिजून घट्ट झाली होती. त्यांनी किल्ली सुतळीसकट डोक्यावरून ओढून काढली. "ही घे."

"राहू द्या तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "वारा आहे." आणि सबंध वाट त्यांनी शिडावरच बोट घरी आणली. ते सँडविचचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिले, न उघडता.

आता २०१९ चाललंय. खाऱ्या पाण्याने माझं अंग गुलाबी आणि ठिसूळ झालंय. परवा मला काढून आतल्या कपाटात ठेवलं, माझ्या जागी नवा लखलखीत प्रोपेलर बसवला. तो भिंतीपलीकडेच आहे, म्हणून त्याला एवढंच सांगून डोळे मिटतो. बाळा, बाई मोकळं सोडेल तेव्हा खुशाल फीर. पण चालता चालता तिने तुला अचानक बांधलं, तर माझ्यासारखा तिच्यावर संशय घेऊ नकोस. हलू नकोस. आपलं माणूस पाण्यात आहे.