काजवालीचे हप्ते

त्या दिवसांत बँकेत जायचं म्हणजे एक खाडा ठरलेला. म्हणून शर्टांच्या कारखान्यातल्या अकरा जणींनी आपली भिशी चालवली होती. पगाराच्या दिवशी प्रत्येकीने एक मोठी नोट टाकायची आणि त्या महिन्यात जिची पाळी, तिने अकराही न्यायच्या. कटिंगच्या टेबलावर पत्र्याचा डबा, त्यावर कापड. कापडाखाली हात घालून नोट सोडायची. एखादीला महिना जड गेला तर ती कटिंगवाल्या मावशीच्या कानात सांगे. मावशी गुपचूप आपली भर घाली, पुढे वळती करून घेई. चारचौघींत कुणाचं तोंड उतरत नसे.

कॉलरवालीची पाळी अगदी शेवटची. तिच्या खोलीचा मालक अनामत मागत होता. बरोबर अकरा नोटा, नाहीतर लेकीसकट सामान रस्त्यावर. भिशी मिळेपर्यंत थांबतो म्हणाला, हीच त्याची मेहेरबानी.

काजवालीने मात्र दुसऱ्याच महिन्यात पैसे उचलले होते. चौथा हप्ता भरला आणि आठवड्याभरात ती तापाने गेली. राहिलेले सात हप्ते बुडाले, असंच सगळ्या धरून चालल्या.

पाचव्या महिन्यात मावशीने डबा उपडा केला. जणी दहा आणि नोटा अकरा. अकरावी दुमडून दुमडून शर्टाच्या काजातून जाईल एवढी केलेली. तशी घडी एकच बाई घालायची.

"तू भर घातलीस का गं मावशी?"

"मी नाही बाई."

सहाव्या महिन्यातही तेच. बटणवाली म्हणाली, "मेली तरी हप्ता चुकवत नाही! आमचे हे जिवंत असून भाडं चुकवतात." सगळ्या खळखळून हसल्या. आठव्या महिन्यात मात्र कुणी हसलं नाही. काजाच्या मशीनवर बसायला कुणी तयार होईना.

दहाव्या महिन्यात बटणवालीनेच हात झटकले. "मला नको ही भिशी. पुढच्या महिन्यात मला धरू नका." दोघीतिघींनी माना डोलावल्या.

कॉलरवालीची पाळी तर पुढच्याच महिन्यात. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, घाबरता काय? मीच टाकते ती. तिची घडी मला येते."

"तू? आणि एका शब्दाने बोलली नाहीस?" मावशीचे डोळे भरून आले. "पोटाला चिमटा घेऊन दुसरीचे हप्ते भरतेस होय गं!"

बटणवालीने आपल्या डब्यातली भाजी तिच्यापुढे सरकवली. जेवणाची सुट्टी, सगळी मशीनं बंद. तरी काजाच्या मशीनचं पायडल हळूच खाली गेलं आणि वर आलं.

शेवटच्या महिन्यात मावशीने डबा उपडा घातला आणि तो तसाच बाजूला ठेवून नोटा मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या. दहाच.

"तिची टाकली नाहीस का आज?" मावशी हसून म्हणाली. "बरोबरच आहे म्हणा. तुझेच पैसे तुलाच मिळायचे. तुझ्या घरीच आहे ती नोट."

घरी काही नव्हतं. मालक सकाळी येणार होता. हो म्हटलं असतं तर मोठेपणा राहिला असता, पण अकरावी नोट कुणी भरून दिली नसती आणि खोली गेली असती.

"मी एकही टाकली नाही," कॉलरवाली म्हणाली. "खोटं बोलले. सगळ्या तिच्याच होत्या."

बटणवाली दोन पावलं मागे सरली. कॉलरवाली रिकाम्या मशीनकडे वळली. "बाई, चुकलं माझं. तू घाम गाळलास आणि मी नाव लावून घेतलं."

मावशीने उपडा डबा उचलला. खाली ती बारकी घडी होती.

"घ्यायची तर तूच घे," मावशी पुटपुटली. "मी नाही हात लावणार."

सगळ्या बघत होत्या. कॉलरवालीने लेकीचा चेहरा आठवला आणि हात पुढे केला. आत्ताच कुणाच्या तरी घामेजल्या मुठीतून सुटावी तशी ती नोट ओली आणि उबदार होती.