वरच्या पाड्यावरचा धूर

“भाऊ, तठे नको उतरू! तठे नुसती शाळा शे. माणसं वरना पाडामा ऱ्हातस!”

रमिलाबाईंचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता बरीच वर्षे झाली. मित्रांनो, मी एक जुने हेलिकॉप्टर आहे. पुरात अडकलेल्यांना, डोंगरात खोळंबलेल्यांना शोधून आणायचे, हे माझे काम. नंदुरबारबाहेरच्या माळावर माझा मुक्काम. माझी गोष्ट मान वर करून सांगण्यासारखी राहिलेली नाही, म्हणून हळूच सांगते.

दूरच्या कारखान्यात माझे पंखे जुळले, पण मला डोळे दिले ते रमिलाबाईंनी. सातपुड्यात एका गावाचे बारा पाडे असतात, आणि बारा पाडे बारा टेकड्यांवर. नकाशात मात्र एकच ठिपका. म्हणून माझे वैमानिक उमाकांतभाऊ मोलगीच्या रमिलाबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवून नेत. ‘ओला पाला जाळा, धूर करा, धुरापाशी आम्ही येऊ,’ असे बाईंनी पाड्यापाड्याला शिकवले होते.

पावसाळ्याआधी त्या पूजा म्हणून माझ्या चाकावर मोहाच्या दारूची धार सोडत. रनाळ्याचे उमाकांतभाऊ हसत म्हणत, “बाई, चाकलेच दे. माले दिधी ते आपण दोन्ही झाडवर बसूत!”

“तुन्हापेक्षा हाऊ भुंगा शहाना शे,” बाई माझ्याकडे बोट करून म्हणत.

म्हसावदकडे पूर आला तेव्हा मी छपरांवरून माणसे उचलली. आयाबायांनी मला ओवाळले. लाजले मी तेव्हाही, पण ती लाज गोड होती.

मग खर्च कमी करायचे ठरले आणि आमची सेवा एका खासगी कंपनीकडे गेली. मला नवा रंग लागला. कंपनीचे साहेब आत डोकावून म्हणाले, “नकाशा आहे की! ही खुर्ची कशाला?” खुर्ची निघाली. बाई मोलगीला परतल्या. नियम असा झाला, की ठिपक्यावर जायचे, एक घिरटी घालायची, कोणी नसेल तर माघारी. शोधत हिंडायचे नाही.

गेल्या श्रावणात निरोप आला. मोलगीपलीकडच्या एका गावात रुपा नावाची बाई बाळंतपणात दोन दिवस अडली होती. नाल्याला पूर, वाट बंद. आम्ही ठिपक्यावर गेलो. खाली शाळा, ओले अंगण, दोन शेळ्या. माणूस नाही.

आणि समोर, तिसऱ्या टेकडीवर, पांढरा धूर उभा होता.

मला दिसला. उमाकांतभाऊंनाही दिसला, कारण त्यांचा हात क्षणभर थबकला. भाऊंच्या कानात कंपनीच्या कचेरीतून आवाज आला, “कोणी आहे का?” भाऊ म्हणाले, “कोणी आढळले नाही.” माझे तोंड वळले. मी यंत्र आहे, वळवाल तिकडे वळते. तरी ते वळणे मला आजही सलते.

रुपाला बांबूच्या झोळीतून नाला उतरवून मोलगीला नेले. ती वाचली. बाळ वाचले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला तेल घाला, पुसा, जपा. पण वाट ठाऊक असलेल्या माणसाला आधी जपा. त्याला उतरवून वाचवलेला पैसा कशाच्याच कामी येत नाही.

पंधरा दिवसांनी रमिलाबाई माळावर आल्या. मागे रुपा, पदर घट्ट ओढून. भाऊ माझी काच पुसत होते, तशीच पुसत राहिले.

बाई म्हणाल्या, “भाऊ, पाड्यावरनी माणसं माले बोल लावतस. म्हणतस, तुन्ही खूणच खोटी. पाला कमी पडना का रे? का जास्तच ओला व्हता? मन्हंच काही चुकनं का?”

भाऊंच्या हातातले फडके थांबले. ते रुपाकडे वळले.

“पाला बराबर व्हता, ताई. धूर माले दिखना व्हता. मीच माघारी फिरनू.”