शेवंतीच्या सात फळ्या

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा डिलीट मारलं. यात चूक माझी आहे आणि ती दुसऱ्याच कोणीतरी अंगावर घेतली. असलं कोण लिहून ठेवतं? पण राहवत नाहीये.

मी निकेत. राहायला पेणकरपाडा, काम पूनम सागरला, झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग. कोणी शिकवलं नाही. बारावी अर्धवट सोडली, यूट्यूब बघत बसलो, हात बसला.

दिवसभर बिल्डिंगवाल्यांचे अर्ज. डागडुजी, दुरुस्ती, नूतनीकरण, पुनर्बांधणी. माझं अर्धं पोट याच शब्दांवर चालतं. डागडुजी म्हणजे गळतंय तिथे सिमेंट फासा. दुरुस्ती म्हणजे प्लास्टर, पाइप. नूतनीकरण म्हणजे लॉबीला टाइल्स. आणि पुनर्बांधणी म्हणजे सगळे भाड्याने बाहेर, जुनी बिल्डिंग पाडायची, मग नवीन टॉवर. कमिटीवाल्यांना लांब शब्द आवडतात. "भाई, थोडा भारी लिखो ना," म्हणतात. मी लिहितो भारी.

प्रणय माझा दोस्त, उत्तनचा. शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या घरची बोट आहे, नाव शेवंती. त्याच्या आजीचं नाव ते. बाबा गेले त्याचे, तीन वर्षं झाली. बोट आईच्या नावावर करायला त्यांना दीड वर्ष लागलं. मीच कितीतरी अर्ज टाइप केले त्याचे. त्याची आई, पुष्पलताकाकी, प्रत्येक अर्जावर अंगठा न देता सही करायची. एवढीच अक्षरं शिकलीय ती, स्वतःच्या नावाची.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. शेवंतीच्या उजव्या अंगाच्या फळ्या सडल्या होत्या. सुतार लावला. आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीला पत्र द्यायचं होतं, बोटीवर काय काम चाललंय त्याचं. ते पत्र पुढे सरकारी ऑफिसात गेलं की सीझनचा परवाना. प्रणयने व्हॉइस नोट टाकली, "निक्या, बोटीचं काम काढलंय, एक लेटर मार ना."

दुकानात गर्दी होती. मी मारलं लेटर. "शेवंती या नौकेची संपूर्ण पुनर्बांधणी करण्यात येत आहे." मस्त वाटलं वाचायला. प्रणयला पाठवून पण दिलं.

चौथ्या दिवशी प्रणयचा फोन. आवाज वेगळाच.

"काय लिवलंस तू?"

"का रे?"

"सोसायटीचा लीलाधरकाका म्हनतो, पुनर्बांधणी म्हंजे जुनी बोट तोडली. तोडली तर जुने कागद बाद. नवी बोट, नवे कागद. दिवाळी उजाडंल."

दीड वर्ष चपला झिजवून काकीच्या नावावर आलेले कागद. आणि मी बिल्डिंगचा शब्द उचलून बोटीला चिकटवला. पुनर्बांधणी म्हणजे आधी पाडायचं, हे माझ्याएवढं कोणाला माहीत होतं? रोज तेच तर टाइप करतो.

दुकान अर्ध्या दिवसात सोडलं, बस पकडली.

पोचलो तेव्हा लीलाधरकाका बोटीपाशीच उभे होते. सोसायटीचे सेक्रेटरी. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात माझं पत्र. भोवती पाच-सात माणसं, सगळे बोटवाले. त्यातले निम्मे माझ्याकडेच कागद करायला येतात.

"पुष्पे, बोट तोडलीस काय?" काका विचारत होते.

"तोडीन कशाला? डोलं हायत ना तुला? बघ की!"

"मी बघून काय करू? कागद काय म्हनतो ते पुढं जातं. कोनी लिवलंय हे?"

प्रणयने माझ्याकडे बघितलं. मी वाळूकडे.

काकी म्हणाली, "मीच सांगितलं तसं लिवायला. मोठा शब्द घाल म्हनलं, लवकर काम होईल. त्या पोराचा काय दोष न्हाय."

कोणीतरी हसलं. "पुष्पा लई शिकली गो!"

"शिकले तर शिकले, तुझ्या पोटात का दुखतं?"

आणि मी गप्प. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. मी तोंड उघडलंच नाही. चार माणसांत नाव खराब होईल, गिऱ्हाईक जाईल, असलं काहीतरी डोक्यात होतं. एवढ्या वेळात ती बाई माझ्यासाठी हसं करून घेऊन मोकळी झाली.

मग काकीने लीलाधरकाकांचा हात धरला, सरळ धरला, आणि बोटीच्या अंगावरून फिरवला. "ही फळी औंदाची. ही पन. ही त्याच्या बापानं बदलली, प्रणय बालवाडीत होता तवा. ही माझ्या लग्नाच्या वर्षाची. आता वाक जरा. बुडाचं लाकूड बघ. ते शेवंतीआयच्या नवऱ्यानं घालून घेतलेलं. ते हललं न्हाय कधी."

काका वाकले. बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं. सुतार धाकूमामा पलीकडून ओरडला, "त्याला हात लावायची गरजच न्हाय! माझ्या बापाच्या हातचं हाय ते!"

"मग हे लिवा ना नीट," लीलाधरकाका म्हणाले. आवाज उतरला होता. "काय काय केलं तेवढंच लिवा. आज संध्याकाळपरेंत दिलंत तर जुनं पत्र मी पुढं पाठवत न्हाय."

मी उलट्या ठेवलेल्या मासळीच्या टोपलीवर बसलो आणि मोबाइलवर टाइप करायला घेतलं. धाकूमामा सांगत गेला, मी लिहीत गेलो. उजव्या अंगाच्या सात सडक्या फळ्या काढून नव्या बसवल्या. पुढचा एक सांधा उसवला होता, तो आवळला. फटीत कापूस ठासला, वरून राळ भरली. बुडाचं लाकूड जुनंच, शाबूत. पुढे मी "इत्यादी दुरुस्तीची कामे" लिहिलं, तर मामा म्हणाला, "इत्यादी काय? आनखी काय केलंच न्हाय मी!" इत्यादी काढलं.

इतका छोटा, इतका साधा कागद मी आजवर केला नव्हता. बाजारातल्या दुकानातून प्रिंट काढून आणली, काकीने सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. काकांनी वाचलं, शिक्का मारला. "आता कळतंय," एवढंच म्हणाले.

निघताना काकीने पिशवीत सुके बोंबील भरले. मी म्हटलं, "काकी, चूक माझी होती, तुम्ही का..."

"तुझ्या पन सात फळ्या बदलायला झाल्यात," ती म्हणाली. "म्हनून काय तोडायचं व्हय तुला? जा, बस चुकंल."

बसमध्ये मला रडू आलं. बोंबलाच्या वासाने शेजारचा उठून गेला, बरंच झालं.

नवीन पत्र पुढे गेलंय. शेवंती सीझनला पाण्यात उतरणार. कालच प्रणयने रंगाचा फोटो पाठवला, निळा आणि पिवळा. खाली लिहिलं होतं, "माझ्या आयला अजून चिडवतात रे सगळे. पुनर्बांधणीवाली म्हनून."

'तू येऊन सांग' असं तो कधी म्हणणार नाही.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "प्रणय, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे ना? मी येतोय. सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, तो शब्द माझा होता, काकीचा नाही. शब्द देतो तुला."