सिनेमातली आमच्या घरची चूक

ओळखलंत का मला? नाही ना! मी कुंकवाचा करंडा बोलतोय. जर्मन सिल्व्हरचा, दोन मजली. खाली मेण, वर कुंकू आणि झाकणात आतून बसवलेला रुपयाएवढा आरसा. वाशीतल्या आमच्या सेक्टरात माझ्याइतका ऐटबाज करंडा दुसरा नाही. आणि हो, मी सिनेमात काम केलंय. मी पडद्यावर दिसलो नाही, पण माझं काम दिसलं.

कऱ्हाडच्या भांड्यांच्या दुकानातून मी उत्कर्षाच्या रुखवतात आलो आणि लग्नानंतर तिच्याबरोबर वाशीला. सासरे शहाजी फळबाजारात पेट्या उचलायचे, सासूबाई वेणूबाई घराला धाकात ठेवायच्या आणि नवरा धनाजी रबाळ्याच्या कारखान्यात होता. रोज सकाळी उत्कर्षा माझं झाकण उघडायची, आरशात बघून कपाळाला बोट टेकवायची आणि हसायची. ते हसू माझ्यासाठीच, असा माझा समज! मागे धनाजी उभा असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे धनाजी अपघातात गेला. वेणूबाईंनी मला उत्कर्षाच्या कपाटातून काढलं आणि देवाच्या फळीवर आपल्या नजरेखाली ठेवलं. उत्कर्षा महाप्याच्या एका कंपनीत नोकरीला लागली, घरात पगार आणू लागली, पण कपाळ रिकामंच. साधी टिकलीसुद्धा नाही. वेणूबाईंच्या घरात ते चालत नव्हतं. एकदा फळीपाशी आली असताना तिचा हात माझ्यापर्यंत आला. तेवढ्यात वेणूबाई खोकल्या. उत्कर्षाने माझ्या शेजारची काड्यापेटी उचलली आणि ती निघून गेली. मला एकच ध्यास लागला होता, पुन्हा तिच्या कपाटात जायचा.

अशी काही वर्षं गेली आणि एका मे महिन्यात आमच्या घरात शूटिंग आलं! दिग्दर्शक नंदकुमार यांना म्हणे असंच साधं घर हवं होतं. गोष्ट साताऱ्याकडच्या खेड्यातली, घर वाशीचं. त्यामुळे पहिल्याच शॉटला त्या खेड्यातल्या खिडकीबाहेरून वाशी डेपोची लाल बस ऐटीत निघून गेली. नायकाचा चहा प्यायल्यावर वाढायचा आणि न पिता संपायचा. या असल्या चुका धरायला सुनयना नावाची मुलगी नेमली होती. बिचारीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटच्या दिवशी मोठा रडायचा प्रसंग होता. दिवाळीचा दिवस, तरुण विधवा सासूसमोर मन मोकळं करते. विधवेचं काम करणारी नटी गीतांजली. खऱ्या आयुष्यात तिचं नुकतंच लग्न झालेलं. अर्धा प्रसंग झाला आणि जेवणाची सुट्टी झाली. ती आमच्या स्वयंपाकघरात वेणूबाईंच्या हातची भाकरी आणि झुणका जेवली, हात धुऊन उठली.

"थांब गं पोरी," वेणूबाई म्हणाल्या. "सवाष्ण बाई माज्या घरात जेवली आन् मोकळ्या कपाळानं उठली, आसं व्हायचं न्हाई."

"अहो मावशी, मी सीनमध्ये विधवा आहे!"

"आसशील तिकडं. हितं माज्या घरात हाईस."

वेणूबाईंनी मला खाली काढलं. इतक्या वर्षांनी माझं झाकण उघडलं! गीतांजलीच्या कपाळावर छोटंसं कुंकू लागलं. 'पुसून टाकेन' म्हणून तिने पदर पुढे ओढला आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली, "चला, चला, ऊन उतरतंय!"

आता सुनयनाच्या नजरेतून हे सुटलं कसं? तर त्याच वेळी शहाजींनी कौतुकाने आंब्यांची टोपली आणून टेबलावर ठेवली होती.

"काका, सीनमध्ये दिवाळी चाललीय! आंबे कुठून आले?"

"आपल्या मार्केटातनं. आस्सल हापूस हाय, बिनघोर ऱ्हावा."

सुनयना टोपली ओढतेय, शहाजी सोडत नाहीत, आणि कॅमेरा सुरू. गीतांजली रडली, अशी रडली की तिचा पदर मागे सरला आणि कुणाला भान राहिलं नाही. "कट! ओके!" नंदकुमारांनी डोळे पुसले. रात्री ट्रक भरून सगळे गेले. मी परत फळीवर.

पुढे तो सिनेमा दूरदर्शनवर लागला. 'आपलं घर टीव्हीत' म्हणून अख्खी बिल्डिंग आमच्याकडे. फळीवरून मलाही छान दिसत होतं. बस गेली, हशा. दिवाळीत हापूस दिसला, केवढा हशा! शहाजी म्हणाले, "बगा, आपलाच हाय." मग रडायचा प्रसंग आला. आधी कपाळ रिकामं आणि पुढच्या क्षणी कपाळावर लालभडक कुंकू. शेजारच्या सुनीतीताई टाळी देत हसल्या, "अय्या, विधवेला कुंकू! केवढी चूक!"

आणि मग त्यांची दुसरी टाळी हवेतच राहिली. स्वयंपाकघराच्या दारात उत्कर्षा चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

वेणूबाई पडद्याकडे बघत होत्या. मग उठल्या आणि फळीपाशी आल्या. त्यांनी मला उचललं.

"परक्याच्या पोरीचं मोकळं कपाळ मला घटकाभर बगवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् माज्या पोरीचं इतकी वर्सं बगत बसले. चूक ही हाय. हिकडं ये."

"आई, नको. लोक..." उत्कर्षाच्या हातातल्या कपबश्या किणकिणल्या.

"लोक हितंच बसल्यात की. त्यांच्यासमूरच लावते."

मेण सुकलं होतं, त्यात वेणूबाईंचा हात कापरा. निम्मं कुंकू उत्कर्षाच्या नाकावर सांडलं. तिने माझ्या आरशात पाहिलं. मागे धनाजी नव्हता. ती हमसून रडली आणि रडता रडता नाकाकडे बघून हसली. या वेळी ते हसू खरंच माझ्यासाठी होतं, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तेव्हापासून मी तिच्या कपाटात आहे. रोज ती टिकलीच लावते, सणासुदीला माझी आठवण काढते. एरवी माझ्यात पिना ठेवते, पण माझी तक्रार नाही. तुमच्या घरातही असा एखादा करंडा फळीवर पडून असेल, तर त्याचं झाकण उघडा. मेण सुकलं तरी थेंबभर तेलाने ते मऊ होतं.

सिनेमा अजून अधूनमधून लागतो. तो प्रसंग जवळ आला की वेणूबाई कपाटाकडे तोंड करून हाक मारतात, "उत्कर्षे, ये लवकर! लागली बग माजी चूक!"