सुरयांचं बेट

मार्च सरता सरता बंधाऱ्यामागचं पाणी उतरलं आणि अभयारण्याच्या मधोमध वाळूचं बेट उघडं पडलं. नदी सुरयांनी त्यावर अंडी घातली. ना काडी, ना गवत, वाळूत नुसता खळगा. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून हे पक्षी पोटाची पिसं भिजवून यायचे आणि वर बसायचे. दिशा दुर्बिणीतून बघत राहायची. प्राणिशास्त्र शिकून गावात गाईड झालेली ती पहिलीच मुलगी.

एप्रिलमध्ये पिल्लं निघाली. त्यांना उडायला तीन-चार आठवडे तरी हवे होते, आणि गावात बातमी आली की वरच्या धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटणार.

"आप्पा, जरा थांबायला सांगा ना सगळ्या शेतकऱ्यांना. बेट बुडेल."

वांग्याच्या वाफ्यात वाकलेले तिचे वडील गोटीराम सरळ झाले. "कोणाला सांगू? जानेवारीत हेच जादा आवर्तन मागायला कोण गेलं व्हतं? तूच म्हणालीस ना, पाणी हाय तर पक्षी हाय?"

गेली होती दिशाच. तेव्हा जलाशय आटत होता. बदकं गेली की पर्यटकही जातात, म्हणून सगळे गाईड शेतकऱ्यांबरोबर पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेले होते. शिकलेली म्हणून बोलायला तिलाच पुढे केलं होतं. उन्हाळ्यात कोरडी वाळू कोणाला लागते, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. तिथे मात्र तिला ते आठवलं नाही.

तरी ती पुन्हा कचेरीत गेली. साहेब हसले. "मॅडम, सोडा म्हणता तुम्ही, सोडू नका म्हणताही तुम्हीच!"

पाणी सकाळी आलं, अगदी सावकाश, गढूळ. दुपारी बेटाचं टोक तेवढं उरलं, मग तेही गेलं. सुरय त्याच जागेवर ओरडत घिरट्या घालत राहिले.

नाशिकहून आलेला मनोज काठावर कॅमेरा लावून बसला होता. "ताई, काय ॲक्शन आहे! मासे पकडतायत का?"

"नाही. पिल्लं शोधतायत."

"क्या बात! हीच कॅप्शन टाकतो." त्याने तिथल्या तिथे फोटो टाकला, खाली एक लाल बदामही दिला. "तुम्हाला टॅग केलंय हं."

मागून आप्पांची हाक आली. "दिशे, मोटार चालू केली! दारं धरायला ये."

ती गेली. वाफ्याच्या तोंडची माती तिने फावड्याने ओढली तसं पाणी वांग्यांत शिरलं. वाफा भरल्यावर त्याचं तोंड बुजवलं, पुढच्याचं फोडलं. खिशात मोबाईल वाजत होता. फोटो लोकांना लय आवडला होता.