पेपरासाठी काढलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नमांडवात मिरवणारा नव्हे. माझी सारी हयात इस्पितळाच्या त्वचारोग विभागात गेली. कारखान्यातून निघालो तेव्हा डोंगर, समुद्र आणि गोंडस बाळे टिपायची स्वप्ने होती. वाट्याला आले ते पुरळ, फोड आणि चट्टे! सुरुवातीला मी नाक मुरडले. मग मात्र कामाची गोडी लागली. औषधाचा गुण आला की नाही, ते माझ्या फोटोंवरून कळे. "काय हुबेहूब आलाय!" असे कुणी म्हटले, की मी कपाटात बसल्या बसल्या फुगून जाई.

त्या काळात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई उपचाराला येत. त्यांच्या गालावर लालसर चट्टा उठला होता. तो संसर्गाचा नव्हता, पण पालकांची समजूत कोण घालणार? "कळलं ना, तर एकही मूल वर्गात बसू देणार नाहीत माझ्या," असे त्या म्हणत आणि केस गालावर ओढून घेत. वर्ग म्हणजे बाईंचा जीव की प्राण होता.

आमच्या डॉक्टर मनाने चांगल्या, पण कायम घोड्यावर बसलेल्या. नव्या मलमाचा चट्ट्यावर चांगला उपयोग होईल, अशी त्यांना खात्री होती. त्या म्हणाल्या, "बाई, पेपरासाठी तुमचा फोटो घेऊ? डोळ्यांवर काळी पट्टी टाकू."

"घ्या की! पेपराला मी कशी नाही म्हणेन?" असे म्हणून बाईंनी संमतीच्या कागदावर न वाचताच सही ठोकली. मी फोटो काढला.

मलमाने कमाल केली. गाल निवळत गेला आणि डॉक्टरांचा लेखही लिहून झाला. मी टेबलावरून संगणकाकडे पाहिले आणि माझा जीव टांगणीला लागला. डोळे झाकले होते खरे. पण हनुवटीवरचा तीळ आणि पुढच्या दातांमधली फट तशीच होती. मागच्या बाकावरच्या पोरानेही बाईंना ओळखले असते! त्यात खाली लिहिले होते, 'शिक्षिका, जुळ्या मुलींची आई'. लेख त्याच दिवशी जायचा होता. मी ओरडणार तरी कसा?

नेमक्या तेव्हाच बाई गाल दाखवायला आल्या. निघताना त्यांनी हसत विचारले, "मग, कसा गेला मुलांना पेपर? माझ्या गालाचं उत्तर आलं का कुणाला, की सगळे नापास?"

"कुठली मुलं?" डॉक्टर गोंधळल्या.

"तुमची शिकाऊ मुलं! परीक्षेच्या पेपरात माझा फोटो घातलात ना?"

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांचा पेपर म्हणजे छापून येणारा संशोधनाचा लेख, जगात कुणालाही वाचता येणारा. बाईंचा पेपर म्हणजे परीक्षेचा. एकाच शब्दावर दोघींनी आपापली मान डोलावली होती.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, संगणक बाईंकडे वळवला आणि सगळे सोप्या शब्दांत सांगितले.

"अगं बाई! ही तर सरळ सरळ मीच आहे!" बाई घाबरून म्हणाल्या.

"चुकलंच माझं. तुम्ही नको म्हणालात, तर काहीच छापणार नाही."

"आणि माझं मलम?"

"ते चालूच राहील. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

बाईंनी पडद्यावरच्या चट्ट्यावर बोट ठेवले. मग म्हणाल्या, "नुसता चट्टा छापा. माझ्यासारखीला कुणाला तरी उपयोग होईल. पण शाळा नको, जुळ्याही नकोत." डॉक्टरांनी फोटोतला चट्ट्यापुरता तुकडा ठेवला, तो मजकूर खोडला आणि मगच लेख पाठवला. मला तर हायसे वाटले!

लेख छापून आल्यावर बाईंनी तो निरखून पाहिला. "हा माझा गाल? मला मेलीला ओळखूसुद्धा येत नाही!" म्हणत त्या पोटभर हसल्या. त्या दिवशी त्यांचे केस मागे घट्ट बांधलेले होते. वर्गही पूर्वीसारखाच भरतो, असे त्यांनी सांगितले. जन्मभर 'हुबेहूब'साठी हपापलेल्या मला त्या दिवशीची शाबासकी सर्वांत गोड लागली.

आता फोटो फोनवर निघतात आणि मी खणात धूळ खात पडलो आहे. त्याचे मला दुःख नाही. एवढीच विनवणी आहे, मित्रांनो, की कुणाचा फोटो घेण्याआधी तो कुठे जाणार, कोण पाहणार, ते नीट सांगा. 'नाही' आले, तर रुसू नका. आणि 'हो' आले, तर एकदा जरूर विचारा, "नेमकं कशाला 'हो' म्हणालात?"