वाळूच्या रंगाचे कापड

मी एक जुने कापड आहे, मित्रांनो. जाड कॅनव्हासचे, एका कडेने जळालेले. शिकाऱ्याला हरणांपासून लपवणे, एवढेच माझे काम होते.

माझा जन्म कुवेतमध्ये, फहाहीलच्या बाजारातल्या एका तंबूच्या दुकानात झाला. सत्तर सालानंतरची ती पहिली काही वर्षे. दुकान मजीद नावाच्या कुवेती माणसाचे. मला शिवले जगन्नाथने. तो मालवणकडचा, बायको मालन गावी, आणि हा इथे गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा. मजीदला शिकारीचा नाद होता. वाळवंटात हरणे थोडीच उरली होती आणि जी होती ती फार सावध होती. म्हणून जगन्नाथने मला गरम मेण चोळले आणि ते थिजण्याआधीच वाळूत लोळवले. वाळवंटात पसरल्यावर मी दिसेनासा झालो. मजीदने माझी फार स्तुती केली.

एकदा तो जगन्नाथलाही बरोबर घेऊन गेला. जाताना त्याने मोडक्या हिंदीत बजावले, "अत्तर नको, साबण नको, विडी तर मुळीच नको. वारा आपल्या तोंडावर यायला हवा. हरणाला आपण दिसण्याआधी आपला वास येतो."

दोघे माझ्याखाली पालथे पडून राहिले. हरणे चरत चरत जवळ आली. त्यांना काहीच कळले नाही. मजीदने गोळी झाडली. एक हरीण लंगडत पळाले.

"तू इथंच थांब, मी आलोच," म्हणून मजीद धावत जीपकडे गेला आणि हरणामागे निघाला.

थोड्याच वेळात धुळीचे वादळ आले. जगन्नाथ घाबरून जीप गेली त्या दिशेने पळाला. वाळूतल्या एका बिळात त्याचा पाय गेला आणि घोटा मोडला. तो सरपटत परतला आणि माझ्याखाली शिरला. मी त्याला धुळीपासून वाचवले, पण माझ्यावर वाळूचा थर बसला.

वादळ थांबले, रात्र गेली, ऊन चढले. त्याच्याजवळचे पाणी संपले होते. इतक्यात जीपचा आवाज आला. मजीद शोधत होता. जगन्नाथ हाका मारू लागला, पण घशातून आवाज फुटेना. त्याने मला वर उचलून हलवले. वाळूत वाळूच हलली. जीप जवळून गेली. वळून आली आणि पुन्हा तशीच गेली.

जगन्नाथच्या खिशात विडी नव्हती, पण काड्यापेटी राहिली होती. त्याने माझी कड पेटवली. मेणामुळे काळा धूर उठला. जीप थांबली आणि वळली.

मजीदने आधी त्याला पाणी पाजले, मग माझ्यावर वाळू टाकून आग विझवली.

"मी इथूनच गेलो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," जगन्नाथ म्हणाला. "मी बघत होतो."

ते हरीण मात्र कुणालाच सापडले नाही.

पायाला प्लास्टर घालून जगन्नाथ खोलीवर आला. त्याचा गाववाला महादेव मला कचऱ्यात टाकायला निघाला, तेव्हा जगन्नाथ म्हणाला, "ऱ्हवांदे. ह्या कापडान माका वाचवल्यान." मी वाचवले की हरवले, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

जळालेले कापड शिकारीच्या कामाचे नसते. मजीदने दुसरे शिवून मागितले. जगन्नाथने तेवढ्याच कामाला नकार दिला. काही वर्षांनी तिकडे हरणेच दिसेनाशी झाली. आता ऐंशीचे दशक सरत आले आहे. मी फहाहीलजवळच्या महबूलातल्या एका गच्चीवर पाण्याच्या टाकीवर पडून असतो. टाकीतले पाणी तापू नये, एवढे पाहतो. चिरत चाललो आहे. कुणी दोन टाके घातले तर आणखी काही उन्हाळे निघतील.

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. कुणाला मागे ठेवून जाणार असाल, तर आधी त्या जागी एक खूण करा. एखादे लाल फडकेही पुरते. दुरून दिसले म्हणजे झाले.